रिव्हेट नसलेलं विमान: आय-16 चा किट बांधताना

पोलिकारपोव्ह ह्या सोव्हिएत डिझायनरचं 1930 च्या दशकातलं फायटर आय-16, त्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल किटमधून बांधायचं हे पक्कं होतं, अडलं होतं ते टाइपवर, म्हणजे कुठली आवृत्ती करायची ह्यावर. ह्या एका विमानाचे इतके टाइप निघाले की दुकानात डबे बघूनच नवा माणूस गोंधळतो, टाइप 5, 10, 17, 18, 24, 28, 29, आणि लांबून बघितलं तर सगळे सारखेच, तेच आखूड नाक, तीच बुटकी जाड बॉडी. पण किट बांधणाऱ्याला फरक माहीत असावेच लागतात. टाइप 5 ला सरकणारी बंद कॅनॉपी (कॉकपिटवरचं काचेचं झाकण) आणि काचेतून आरपार गेलेली, नेम धरायची दुर्बिणीची साइट, पायलट लोकांना ती कॅनॉपी अजिबात आवडली नाही कारण त्यातून धड दिसायचं नाही, ते ती उघडीच ठेवून उडायचे, मग टाइप 10 पासून कॉकपिट उघडंच केलं आणि पुढे फक्त काच ठेवली. टाइप 5 ला पंखात दोन श्कास मशीनगन, टाइप 10 ला इंजिनाच्या वर आणखी दोन, 17 ला पंखात 20 मिलिमीटरच्या श्वाक तोफा. मी शेवटी टाइप 24 घेतला, एम-63 इंजिनवाला, कीव्हच्या आयसीएम कंपनीचा, 1/48 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढा. मला जून 1941 च्या आसपासचं, जर्मनीने हल्ला केला तेव्हाचं विमान करायचं होतं आणि त्यासाठी 24 हा टाइप एकदम बरोबर बसतो. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत 9 मीटर, म्हणजे 1/48 मध्ये पावणेएकोणीस सेंटीमीटर, हातात छान मावतं. 1/72 मध्ये हेच साडेबारा सेंटीमीटर होतं, ते पण गोड दिसतं पण माझ्या डोळ्यांना आता 1/48 च बरं पडतं.

मला लोक विचारतात की स्पिटफायर, मेसरश्मिट सोडून ही जुनी रशियन विमानं कशाला. मी नाशिकची. ओझरच्या एच.ए.एल. ह्या विमान कारखान्यात मिग-21 बनायचे, बाबा तिथे एअरफ्रेमच्या शॉपमध्येच रिटायर झाले, त्यामुळे मिग हे नाव घरात लहानपणापासून रोजचं. मिग कुठून आलं हे मागे मागे वाचत गेलं की माणूस पोलिकारपोव्हपाशी येऊन थांबतो. मिग हे नाव ज्यांच्यावरून आलं ते मिकोयान आणि गुरेविच दोघंही आधी त्याच्याच डिझाइन ब्युरोत होते. 1939 च्या शेवटी तो जर्मनीच्या दौऱ्यावर गेलेला असताना इकडे त्याच्या ब्युरोतली माणसं काढून ह्या दोघांच्या हाताखाली वेगळं खातं उघडलं, आणि त्याने आखत आणलेलं नवीन फायटरसुद्धा त्यांच्याकडेच गेलं, तेच पुढे मिग-1 झालं. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं होतं. त्याच्या आधी तर ह्याच माणसाला 1929 मध्ये अटक झाली होती, मृत्युदंड सुनावला होता, तो अमलात आला नाही पण कैदेतच इतर इंजिनियरांसोबत बसवून त्याच्याकडून फायटर डिझाइन करून घेतलं, ते आय-5, एप्रिल 1930 मध्ये उडालं. सुटल्यावर त्याने आय-16 काढलं. डिसेंबर 1933 च्या अगदी शेवटी, मॉस्कोच्या कडाक्याच्या थंडीत टेस्ट पायलट व्हॅलेरी चकालोव्हने ते पहिल्यांदा उडवलं. एकच पंख, तोही खालून, तारा-खांबांचा आधार नाही, आणि चाकं आत घेता येणारी. त्यावेळी बाकीच्या बहुतेक देशांची एअर फोर्स दुहेरी पंखांची आणि चाकं खाली लोंबणारी फायटर उडवत होती. म्हणून हे विमान आधी हातात घ्यायचं होतं.

असो, किटकडे येते. सुरुवात नेहमीप्रमाणे कॉकपिटपासून. आय-16 च्या कॉकपिटमध्ये फार काही नाहीच, सीट, स्टिक, पेडल, काळं इन्स्ट्रुमेंट पॅनल, आणि उजव्या हाताला एक हँडल. ह्या हँडलवर माझा फार जीव आहे. चाकं आत घ्यायला ना हायड्रॉलिक ना मोटर, पायलटने ते हँडल हाताने फिरवायचं, 44 वेळा, तेव्हा केबल गुंडाळल्या जाऊन चाकं वर यायची. टेकऑफनंतर उजवा हात स्टिकवरून काढून हँडलला, डावा हात स्टिकला, आणि मग विमान खालीवर हेलकावे खात वर चढायचं. मुळात हे विमान चंचल, नाक आखूड आणि तोल मागच्या बाजूला, जरा स्टिक हलली की उडी मारणार, त्यात हे हँडल फिरवणं. ते हँडल मी तांब्याच्या तारेचं नवीन वाकवून केलं, प्लॅस्टिकचं कितीही बारीक असलं तरी 1/48 मध्ये जाड वाटतं. मुठीच्या जागी पांढऱ्या ग्लूचा एक थेंब, वाळल्यावर काळा रंग. बॉडी बंद केल्यावर वाकून टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही, पण मला ते तिथे हवं होतं.

आतून राखाडी रंग मारला. सीटचे पट्टे मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या कापून केले, त्यांना आधी रंग देऊन मग चिकटवायचं, चिकटवून रंग दिला की कडा भरून येतात. पॅनलवरचे डायल डेकलचे (पाण्यात भिजवून लावायचे स्टिकर), प्रत्येक डायलवर टूथपिकने ग्लॉस वार्निशचा एकेक ठिपका, लगेच काच बसवल्यासारखी दिसते.

इंजिनावर मी सगळ्यात जास्त रमले. एम-63 म्हणजे नऊ सिलेंडरचं गोल इंजिन, मूळ अमेरिकन राइट सायक्लोन, त्याचं लायसन्स घेऊन सोव्हिएत लोकांनी एम-25 केलं आणि तेच वाढवत वाढवत एम-62, एम-63. प्रत्येक सिलेंडरला स्पार्क प्लगची वायर हवी. बंद पडलेल्या चार्जरची केबल सोलली की आत केसासारख्या तांब्याच्या तारा निघतात, त्याच वापरल्या. आधी क्रँककेसच्या भोवतीच्या रिंगला ड्रिलने बारीक भोकं, मग एकेक तार फेविक्विकच्या टोकाएवढ्या थेंबाने, चिमट्याने धरून, श्वास रोखून. एक तार बसली की दुसरीला हात लावायच्या आधी पाच मिनिटं थांबायचं, घाई केली की पहिली सुटते. सिलेंडर गडद मेटॅलिक, मग काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), मग कोरड्या ब्रशने फिनच्या कडांवर चांदी. पुढे काऊलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, तोंडावर नऊ खिडक्या असतात, प्रत्येक सिलेंडरसमोर एक, आणि त्यामागे फिरणारी चकती, थंडीत इंजिन गार पडू नये म्हणून पायलट ती बंद करायचा. त्या खिडक्यांतून आत दिसतं ते एवढंसंच, म्हणून मी एका बाजूचं झाकण उघडं ठेवलं. इतक्या वायरी लावून बंद करायला मन होईना.

आता मुख्य काम, बॉडीचे दोन अर्धे भाग जोडणं. प्रत्येक किटमध्ये हे असतं, डावी बाजू उजवी बाजू आणि मधून वर-खाली जाणारा जोड, आणि तो जोड घालवताना आजूबाजूच्या पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेघा, पुसल्या जातात आणि मग त्या परत कोरत बसायचं, मॉडेलवाल्यांचं अर्धं आयुष्य त्यात जातं. आय-16 चं वेगळं आहे आणि हेच मला लिहायचंय खरं तर. ह्या विमानाची बॉडी पत्र्याची नाहीच, लाकडाची आहे. बर्चच्या लाकडाचे पातळ पट्टे, त्याला ते श्पोन म्हणतात, एका साच्यावर तिरके-उलट तिरके थर देत केसिनच्या गोंदाने चिकटवायचे, केसिन म्हणजे दुधातलंच प्रोटीन. आणि असे थर देऊन काय बनवायचे तर बॉडीचे दोन अर्धे भाग. डावा आणि उजवा. मग ते दोन्ही आतल्या सांगाड्यावर आणून मधोमध एकमेकांना चिकटवायचे, वरून कापड, लुकण, घासकाम आणि मग रंग. म्हणजे माझ्या हातात जे दोन तुकडे होते ते किट बनवणाऱ्याच्या सोयीसाठी केलेले दोन तुकडे नव्हते, विमान बनलंच तसं होतं. फॅक्टरीतला माणूस जो जोड लुकण भरून घासून गायब करत होता तोच मी टेबलावर गायब करणार होते. मी बरेच किट बांधलेत पण काम आणि मूळ काम इतकं एकमेकावर बसलेलं मला आधी कधी जाणवलं नव्हतं, मी ते दोन तुकडे हातात घेऊन नुसती बसून राहिले होते.

पद्धत साधी आहे. दोन्ही कडा आधी सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून हलकं घासून घ्यायच्या, मग तुकडे जुळवून धरून जोडावर पातळ ग्लू ब्रशने सोडायचा, तो आपोआप आत ओढला जातो, दहा-पंधरा सेकंद थांबून तुकडे एकमेकांवर दाबायचे, की वितळलेलं प्लॅस्टिक जोडातून बारीक मण्यांसारखं बाहेर येतं. ते बाहेर आलंच पाहिजे. तसंच टेप लावून दोन दिवस ठेवून द्यायचं, हात लावायचा नाही. मग ब्लेड आडवं धरून खरवडायचं, मग 400 चा पेपर, 600, 1000, सगळं पाणी लावून. मग राखाडी प्रायमर, आणि प्रायमर वाळला की जे राहिलंय ते सगळं दिसतं, तिथे पुट्टी, परत घासणं, परत प्रायमर.

ह्या घासण्याच्या मधल्या टप्प्यावर बाबा टेबलापाशी आले. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "अगं, ह्याचे रिव्हेट कुठेत? घासून घालवलेस की काय सगळे?"

"नाहीयेत बाबा. लाकडी आहे हे, श्पोन म्हणतात ते."

"लाकडाला मोनोकॉक केलंय? तेहतीस साली?" मोनोकॉक म्हणजे भार बाहेरच्या कवचानेच पेलणारी बॉडी. आणि मग ते बसलेच. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटची ओळ सरळ आली की नाही हे बघण्यात त्यांची नोकरी गेलेली, त्यामुळे रिव्हेटच नसलेलं विमान त्यांना फार आवडलं. त्यांनी ती बॉडी घेतली, खिडकीशी नेली, उजेड तिरका पडेल अशी धरली आणि जोडावरून नख फिरवलं. "इथे शेपटीपाशी आहे बघ अजून. नखाला लागतंय. डोळ्याला नाही कळायचं." मी बघितलं तर डोळ्याला खरंच काही दिसत नव्हतं, नख अडत होतं. तिथे परत पुट्टी भरली. तेव्हापासून प्रत्येक जोड नखाने तपासते, आणि पेन्सिलची पूड चोळून पुसून बघते, खळगा असला तर काळी रेघ राहते, हेही त्यांनीच सांगितलेलं.

लाकूड संपतं कुठे आणि धातू सुरू होतो कुठे हे एकदा नकाशासारखं डोक्यात बसलं की पुढचं सगळं काम सोपं जातं. काऊलिंग पत्र्याचं, तिथे पॅनल लाइन आणि स्क्रू ठळक हवेत. पंख आणि बॉडीच्या मधला तो रुंद वळणदार भाग असतो तो पण पत्र्याचा, म्हणून तिथली रेघ भरायची नाही, ठेवायची. काऊलिंगच्या मागे बॉडी मात्र गुळगुळीत. पंखात स्टीलचे स्पार (लांबीचे मुख्य दांडे) आणि ड्युरॅल्युमिनच्या रिब (आडव्या फासळ्या), पुढची कड पत्र्याची आणि मागे सगळं कापड. कापडाच्या भागावर रिबचे उंचवटे दिसतात पण ते हलकेच दिसायला हवेत, डोप (कापड ताणून घट्ट करणारं लॅकर) मारलेलं कापड ढोलाच्या कातड्यासारखं ताणून बसलेलं असतं, खाली झोळ पडत नाही. म्हणून मी पंखावर आधी 800 आणि मग 1500 चा पेपर अगदी दाब न देता फिरवला, नुसत्या उंचवट्यांची धार मोडेपर्यंत. प्रायमरनंतर हात फिरवला की जेमतेम जाणवतात एवढंच.

रंग वरून हिरवा, खालून फिका निळा, खऱ्या विमानावर दोन्ही एआयआय मालिकेतले नायट्रो लॅकर. हा निळा आकाशी नाही, त्यात थोडी राखाडी झाक आहे. आधी निळा मारला, बाजूची सीमारेषा मऊ हवी म्हणून ब्लू टॅकच्या (चिकट पुट्टीच्या) लांब वळ्या करून लावल्या आणि वरून हिरवा. हिरव्यात पाच-सात थेंब पिवळा टाकून कापडाच्या भागावर रिबच्या मधमध फिरवला, कापड आणि लाकूड एकाच डब्यातल्या रंगाने रंगवलं तरी उन्हात सारखं विटत नाही. आमच्याकडे पावसाळा होता, हवेत ओल असली की लॅकर वाळताना पांढुरका पडतो, त्यामुळे स्प्रेचं काम दुपारी ऊन पडेल त्याच दिवशी. कधी कधी आठवडाभर कॉम्प्रेसर तसाच झाकून ठेवला. घाई करण्यात काही अर्थ नाही, किट कुठे पळून जात नाही.

डेकलमध्ये ह्या विमानाचं एक बरं आहे, फार स्टेन्सिल (बारीक सूचनांची अक्षरं) नाहीत. लाल तारे, शेपटीवर नंबर, आणि काही विमानांवर बॉडीच्या बाजूला पांढऱ्या रशियन अक्षरांत घोषणा. 1941 च्या बऱ्याच विमानांवर वरच्या बाजूला पंखांवर तारे नसतात, खाली असतात, हे जुन्या फोटोंत बघून ठरवायचं, सवयीने चारही ठिकाणी लावायचे नाहीत. त्या काळाचं बोलायचं तर बोरिस साफोनोव्ह, उत्तरेला मुर्मान्स्कजवळच्या वायेंगा एअरफील्डवर आय-16 उडवायचा, 24 जून 1941 ला म्हणजे युद्ध सुरू होऊन तिसऱ्या दिवशी त्याने एक जर्मन बॉम्बर पाडलं. त्या युद्धात सोव्हिएत संघाचा वीर हा किताब दोनदा मिळालेला तो पहिला माणूस, दुसऱ्यांदा मिळाला तेव्हा तो जिवंत नव्हता, 30 मे 1942 ला पीक्यू-16 ह्या जहाजांच्या काफिल्याचं रक्षण करताना समुद्रावर गेला, तेव्हा तो अमेरिकन पी-40 उडवत होता. हे वाचलेलं असलं की शेपटीवरचा एक साधा पांढरा नंबर चिकटवताना पण हात जपून चालतो.

वेदरिंगबद्दल, म्हणजे विमान वापरून झिजलेलं दाखवण्याबद्दल, थोडं स्पष्टच लिहिते, कारण आय-16 ची खूप सुंदर बांधलेली मॉडेल मी इथेच बिघडलेली बघितलीत. रंग उडाला की खाली चांदी दिसते ही मॉडेलवाल्यांच्या हाताला लागलेली सवय आहे. पत्र्याच्या विमानाला ते ठीक. पण ह्या बॉडीच्या रंगाखाली लुकण आहे, कापड आहे आणि बर्च आहे, तिथे चांदी कुठून येणार? कॉकपिटच्या मागे, शेपटीवर, कापडाच्या पंखावर चंदेरी ओरखडे मारले की विमान एका क्षणात खोटं होतं. म्हणून चांदी फक्त काऊलिंगच्या झाकणांच्या कडांवर, पंखाच्या पुढच्या कडेला आणि प्रोपेलरवर, तीही स्पंजच्या तुकड्याने, थोडीशी. कॉकपिटच्या दाराखाली, जिथे पायलट पाय घासत चढायचा, तिथे मी हिरव्याच्या जरा गडद छटेने नुसता झिजलेपणा दाखवला आणि तिथला मॅटपणा बोटाने चोळून घालवला. टाइप 24 ला दोन्ही बाजूंना खाली पडणारी छोटी दारं आहेत, एक मी उघडं ठेवलं. एक्झॉस्टच्या मागे काजळी भरपूर, तिथे हात आखडता घ्यायचा नाही. शेवटचं वार्निश पूर्ण मॅट मारलं नाही, सेमी-मॅट मारलं, एआयआय लॅकर नवा असताना चांगला चकाकायचा, मागाहून आलेले एएमटी रंग मॅट होते.

बाकी राहिलं ते भरभर झालं. पंखातल्या श्कासच्या नळ्या 26 नंबरच्या इंजेक्शनच्या सुईच्या, केमिस्टकडे मिळते, ब्लेडखाली लोळवत कापली की भोक शाबूत राहतं. श्कास मिनिटाला 1800 गोळ्या मारायची, त्या काळात फार मोठी गोष्ट होती ती. चाकांच्या पायांना त्या 44 फेऱ्यांवाल्या केबल हव्यात म्हणून स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या दांड्यांना जोडलेले येतात त्यांचा) तुकडा मेणबत्तीवर धरून मऊ झाल्यावर ताणला, दोरा निघतो प्लॅस्टिकचा, त्यातला सरळ तुकडा निवडून पायापासून आत खोबणीत नेऊन चिकटवला. पाय बसवताना विमान उलटं ठेवून दोन्ही बाजूंचा कोन समोरून बघायचा, ग्लू ओला असेपर्यंत दुरुस्त करता येतं. स्पिनरच्या, म्हणजे प्रोपेलरच्या मधल्या टोपीच्या, टोकाला खाच असते तिला विसरू नका, एअरफील्डवर स्टार्टर ट्रक यायचा आणि त्याचा दांडा त्या खाचेत अडकवून इंजिन फिरवायचा, ती खाच धातूच्या रंगाची आणि तेलकट हवी.

कुणाला सुरुवातीची सोव्हिएत फायटर बांधायची असतील तर माझं सांगणं, आधी आय-16 घ्या आणि आय-153 नंतर. आय-153 पण पोलिकारपोव्हचंच, दिसायला फार देखणं, दुहेरी पंख आणि तरी चाकं आत जाणारी, पण वरचा पंख मधून वाकलेला, त्याचे खांब, त्याच्या तारा, हे सगळं एका कोनात जुळवायला हाताला थोडा सराव लागतो. माझ्या टेबलावर आता तेच आहे. फोमबोर्डचा जिग (भाग कोनात धरून ठेवणारा साचा) कापून ठेवलाय, आणि वरचा पंख आधी पूर्ण रंगवून, डेकल लावून मगच बसवणार आहे, कारण एकदा खांबांवर बसला की दोन पंखांच्या मध्ये ना मास्किंग टेप नीट जाते ना एअरब्रश.